पुराचा ताप आणि तळ्यातला गाळ

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले. तेथे इशाऱ्याची पातळी ४० फूट आणि धोक्याची ४५ फूट. पाणी चढत होते तोवर येणारे रुग्ण पुराचेच आहेत हे कुणीही सांगू शकले असते. साप चावलेले, विजेचा धक्का बसलेले, डायलिसिसचा वार चुकलेले, गोळ्यांची पिशवी बुडालेल्या घरातच राहिलेले मधुमेही. डॉक्टरांची खरी परीक्षा पाणी उतरल्यावर सुरू झाली.

पूर ओसरून दहा-बारा दिवस झाले असतील. नदीकाठच्या एका गावातला पन्नाशीचा शेतकरी ताप आणि अंगदुखी घेऊन बाह्यरुग्ण विभागात आला. रांग दरवाज्याबाहेर गेली होती. मी डेंग्यू-मलेरियाची तपासणी लिहिली, पॅरासिटामॉल दिले आणि दोन दिवसांनी या म्हटले. तो परत आला तेव्हा डोळे लाल-पिवळे झाले होते, पोटऱ्यांना हात लावू देत नव्हता आणि लघवी जवळजवळ थांबली होती. लेप्टोस्पायरोसिस. मूत्रपिंडांनी काम सोडले होते. डायलिसिस, इंजेक्शने, रात्रीची जागरणे. अखेर तो वाचला. घरी जाताना त्याची बायको सहज म्हणाली, "डॉक्टरसाहेब, गोठ्यात पाच दिवस कमरेएवढं पाणी हुतं. जनावरं सोडून हे बाहेर यायला तयारच न्हवते."

हे मला पहिल्या दिवशी कळायला हवे होते. तिने ते लपवले नव्हते. मी विचारले नव्हते.

वैद्यकीय शिक्षणात रुग्णाचा इतिहास घ्यायला आम्हाला शिकवतात. ताप कधीपासून, थंडी वाजते का, आधीचे आजार कोणते. जागेचा इतिहास घ्यायला मात्र फारसे कुणी शिकवत नाही. तो माणूस कोणत्या पाण्यात उभा होता, ते पाणी कुठून आले, किती दिवस साचले, त्या चिखलात काय होते? या प्रश्नांची उत्तरे इस्पितळात मिळत नाहीत. ती तळ्याच्या काठावर, ओढ्याच्या गाळात आणि समुद्रात मिळतात. ती शोधणारी माणसे आमच्या व्यवसायातली नाहीत. गुडघाभर चिखलात नळी खुपसणारे, जहाजावरून समुद्रात तापमापक सोडणारे, पाणवनस्पती आणि किडे मोजणारे हे संशोधक आपल्याला कधी दिसत नाहीत. दिसले तर "हे काय करत बसलेत" असे वाटते. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या आरोग्याचा या कामाशी थेट संबंध आहे, हे आज मांडायचे आहे.

आधी लेप्टो. हा जंतू उंदीर-घुशींच्या आणि काही वेळा गुराढोरांच्या लघवीतून बाहेर पडतो आणि ओल्या, उबदार मातीत आठवडेच्या आठवडे जगतो. पायाला भेग असेल, उसाच्या पात्याने हात चिरला असेल, तर तेवढ्या वाटेने तो शरीरात शिरतो. ताप साधारण ५ ते १४ दिवसांनी येतो. म्हणून पूर बातम्यांतून गेल्यावर रुग्ण वॉर्डात येतात. १९३० च्या दशकात ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंड प्रांतात ऊस तोडणाऱ्या कामगारांना तापाने आणि काविळीने घेरले होते. रोगाचे मूळ सापडले ते शेतात पकडलेल्या उंदरांत आणि तेथल्या ओल्या मातीत. तोडणीआधी फड पेटवून उंदीर हटवावेत यासाठी कामगारांनी १९३५ मध्ये संपही केला. ऊस, उंदीर, ओल आणि उघडे पाय हे सगळे वाळवा, पलूस, मिरज, कराड या तालुक्यांना नवीन नाही.

आता पाण्याचा माग काढू. सांगलीत चढलेले पाणी सांगलीत पडलेले नसते. ते महाबळेश्वर, पाटण, जावळी, कोयना खोरे इथे पडते. कराडला कोयना कृष्णेत येते, हरिपूरला वारणा येते. २०२१ च्या २२ जुलैला महाबळेश्वरात २४ तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. माण तालुक्यात अख्ख्या वर्षात साधारण एवढाच किंवा याहून कमी पडतो. त्याच रात्री पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे दरडी कोसळल्या आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत सांगलीत पाणी पुन्हा ५४ फुटांच्या पुढे गेले. सह्याद्रीवर पडणारे हे पाणी येते अरबी समुद्रावरून. आमच्या शेतकऱ्याच्या गोठ्यातल्या पाण्याचा इतिहास अशा रीतीने समुद्रात जाऊन पोहोचतो.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात, ज्यात त्यांनी महाराष्ट्रही धरला आहे, मोठ्या प्रदेशावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिप्पट झाल्या, असे त्यांना आढळले. मोसमी वाऱ्यांचा एकूण जोर काही वाढला नव्हता. अरबी समुद्राचा उत्तर भाग तापल्याने वाऱ्यांमध्ये मोठे चढउतार होऊ लागले आणि त्या झोतांबरोबर समुद्रावरची वाफ एकदम जमिनीवर येऊ लागली. थोडक्यात, पाऊस वाढला नाही, पण त्याचे झटके वाढले. दिवसाची सरासरी साखर ठीक दिसते आणि मधेच ती चारशेवर जाते, अशा रुग्णाला आम्ही "तुमचे सगळे ठीक आहे" म्हणत नाही. पावसाचेही तसेच आहे.

हे कळण्यासाठी कुणीतरी अनेक वर्षे समुद्राचे तापमान मोजत बसावे लागते. त्या मोजणीची एक सुरुवात आपल्याच नदीच्या नावाने झाली आहे. १९६० च्या दशकाच्या आरंभी अनेक देशांनी मिळून हिंदी महासागराची आंतरराष्ट्रीय शोधमोहीम हाती घेतली. भारताकडून त्यात उतरलेल्या जहाजांपैकी एक होते नौदलाचे 'आयएनएस किस्तना'. किस्तना म्हणजे इंग्रजी अमदानीतल्या स्पेलिंगातली कृष्णा. या मोहिमेतूनच १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली; तिचे मुख्यालय गोव्यात दोना पावला येथे आहे. आज जहाजांच्या जोडीला समुद्रात नांगरून ठेवलेले तरंगते बोये आहेत आणि 'आर्गो' नावाचे यांत्रिक फुगे आहेत. हे फुगे साधारण १००० मीटर खोलीवर वाहत राहतात, दर दहा दिवसांनी २००० मीटरपर्यंत बुडी मारून वर येतात आणि येताना पाण्याचे तापमान व खारटपणा नोंदवून उपग्रहाला कळवतात. समुद्राचा टीपीआर चार्टच म्हणा. चार्ट रोज भरला नाही तर सिस्टर बोलणी खातात. समुद्राचा चार्ट कोण भरते याची मात्र आपण चौकशीही करत नाही.

परंतु साठ-सत्तर वर्षांची नोंद ही निसर्गाच्या हिशेबात एका नाडीच्या ठोक्याएवढी. त्याआधी पाऊस कसा होता? याचे उत्तर साताऱ्यापासून पंचवीसेक किलोमीटरवर, कास पठारावर मिळाले आहे. २०१२ साली जागतिक वारसा ठरलेल्या पश्चिम घाटातील हे पठार आपल्याला फुलांसाठी माहीत आहे. सप्टेंबरात गाड्यांची रांग लागते, फोटो निघतात, माणसे परत जातात. पण ही फुले ज्या पाण्यावर जगतात ते जांभ्याच्या कातळावरच्या उथळ खळग्यांत साचलेले असते. पावसाळ्यात भरणारी आणि उन्हाळ्यात आटणारी अशी ही तळी म्हणजे पाणथळ जागाच. त्यातल्या एका हंगामी तळ्याच्या तळाशी साचलेला गाळ पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या आणि तिरुअनंतपुरमच्या राष्ट्रीय भूविज्ञान अध्ययन केंद्राच्या संशोधकांनी थर न मोडता वर काढला. कार्बन-१४ पद्धतीने त्याचे वय काढले, तेव्हा तो ८००० वर्षांहून मागे गेला.

गाळात काय शोधतात? परागकण आणि डायटम. परागकणांवरून त्या काळी भोवती कोणत्या वनस्पती होत्या ते समजते. डायटम म्हणजे काचेसारखे कवच असलेली, डोळ्यांना न दिसणारी पाण्यातली शैवाले. कोणती जात खोल पाण्यात वाढते, कोणती ओलसर दगडावर, कोणती घाण पाण्यात, हे ठरलेले असते. थराथरातून त्यांची मोजणी केली की तळ्यात त्या काळी पाणी किती आणि कसे होते ते उमगते. कासच्या गाळाने सांगितले की इथला पाऊस आठ हजार वर्षांत एकसारखा राहिलेला नाही. पाऊस कमी होऊन कोरडेपणा आल्याच्या खुणा त्यात आहेत आणि अलीकडे, सुमारे पावणेतीन हजार वर्षांपूर्वीही, तो पुन्हा मंदावलेला दिसतो. गेल्या सुमारे हजार वर्षांच्या थरात मात्र प्रदूषण सोसणारे डायटम वाढलेले आहेत. माणसांचा वावर आणि गुरांची चराई हे त्याचे संभाव्य कारण संशोधकांनी मांडले आहे.

डायटम हा शब्द आम्हा सरकारी डॉक्टरांना वेगळ्याच ठिकाणी भेटतो. विहिरीत किंवा नदीत प्रेत सापडले की माणूस बुडून मेला की मेल्यावर पाण्यात टाकला, हा प्रश्न पोलीस विचारतात. तेव्हा शवविच्छेदनात हाड राखून ठेवतात, त्या जागेच्या पाण्याचा नमुना जोडतात आणि हाडाच्या मज्जेत डायटम सापडतात का हे न्यायवैद्यक प्रयोगशाळा पाहते. जिवंतपणी पाणी फुप्फुसात शिरले असेल तर रक्ताबरोबर डायटम मज्जेपर्यंत पोहोचलेले असतात. तीस वर्षे मी या तपासणीच्या कागदांवर सह्या केल्या. त्याच कणांनी आपल्या जिल्ह्याचा आठ हजार वर्षांचा पाऊस सांगता येतो, हे मला कासचा अभ्यास वाचेपर्यंत ठाऊक नव्हते.

याच रीतीचे काम फार मोठ्या प्रमाणावर अरबी समुद्राच्या तळावरही झाले आहे. २०१५ च्या एप्रिल-मे महिन्यांत 'जॉइडस रेझोल्युशन' या संशोधन जहाजाने भारताच्या पश्चिम किनाऱ्यापासून दूर, लक्ष्मी खोरे नावाच्या भागात भोके घेतली. साडेतीन किलोमीटरहून अधिक खोल पाणी आणि त्याखाली एक किलोमीटरहून जास्त गाळ. मोहिमेच्या दोन प्रमुखांपैकी एक होते गोव्याच्या ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राचे धनंजय पांडे, दुसरे अमेरिकेतून आलेले पीटर क्लिफ्ट. सिंधू नदीने हिमालयातून वाहून आणलेल्या त्या गाळात लाखो वर्षांच्या मोसमी पावसाची आणि झिजेची नोंद आहे. कासचे तळे ही पठारावरची छोटी बायोप्सी असेल, तर ही समुद्रतळाची मोठी बायोप्सी म्हणता येईल.

"हे सगळे छान आहे डॉक्टर, पण आमच्या इस्पितळात एका खाटेवर दोन रुग्ण असतात. आधी डायलिसिसची यंत्रे द्या, मग गाळ मोजा." हा आक्षेप मी स्वतःच अनेकदा घेतला आहे आणि तो खोटा नाही. सरकारी इस्पितळात काम करणाऱ्याला पैशाची चणचण कुणी शिकवावी लागत नाही. पण त्या शेतकऱ्याला जे इंजेक्शन दिले त्याचा इतिहास पाहा.

लेप्टोच्या गंभीर रुग्णाला आम्ही बहुधा सेफ्ट्रायॅक्झोन देतो. ते सेफॅलोस्पोरिन गटातले औषध. या गटाचा शोध एका किनाऱ्यावरच्या गटाराच्या तोंडाशी लागला. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस इटलीच्या सार्डिनिया बेटावर काल्यारी शहरात ज्युसेप्पे ब्रोत्सू हे आरोग्यशास्त्राचे प्राध्यापक होते. शहराचे सांडपाणी जेथे समुद्रात पडते त्या परिसरात मुले पोहतात, तरी अपेक्षेएवढा टायफॉइड होत नाही, हे त्यांच्या नजरेत भरले. १९४५ मध्ये त्यांनी तेथले पाणी तपासून त्यातून एक बुरशी वेगळी केली. ती टायफॉइडच्या जंतूलाही आवर घालत होती. युद्धाने मोडलेल्या त्या बेटावर पैसा नव्हता. त्यांनी १९४८ मध्ये आपल्या संस्थेच्या छोट्या पत्रिकेत ते छापले आणि बुरशी ऑक्सफर्डला पाठवली. तेथे एडवर्ड अब्राहम आणि गाय न्यूटन यांनी १९५० च्या दशकात त्यातून सेफॅलोस्पोरिन सी वेगळे केले. आज प्राथमिक आरोग्य केंद्रापासून अतिदक्षता विभागापर्यंत या गटाशिवाय पान हलत नाही. ब्रोत्सूंनी जर "आधी खाटा, मग गटाराचे पाणी" असे म्हटले असते, तर आमच्या औषधांच्या कपाटातला एक अख्खा कप्पा रिकामा राहिला असता.

दुसरे उदाहरण पटकीचे, म्हणजे कॉलऱ्याचे. पटकी माणसाच्या विष्ठेतून पाण्यात जाते आणि पाण्यातून माणसात येते, एवढेच शंभर वर्षे आम्ही मानत होतो. मग साथ नसताना जंतू राहतो कुठे? अमेरिकेच्या रिटा कोलवेल या सागरी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ. त्यांना आणि सहकाऱ्यांना १९७० च्या दशकात चेसापीक उपसागराच्या पाण्यात, जिथे पटकीची साथ नव्हती तिथे, हा जंतू सापडला. खाडीतल्या बारीक कवचधारी प्लवकांना, कोपेपॉडना, तो चिकटून राहतो. समुद्र तापला, प्लवक वाढले की जंतूही वाढतो. प्लवक जंतूपेक्षा कितीतरी मोठे असल्याने ते कापडाने गाळता येतात. बांगलादेशात मतलब भागातल्या ६५ गावांत बायकांना जुनी सुती साडी किमान चार पदरी घडी घालून पाणी गाळायला शिकवले. २००३ मध्ये निष्कर्ष छापला गेला, तेव्हा पटकीचे प्रमाण ४८ टक्क्यांनी घटले होते. आपल्याकडे हंड्याच्या तोंडाला फडके बांधायची रीत जुनीच आहे. मात्र लक्षात ठेवा, कापडाने लेप्टो किंवा काविळीचा विषाणू अडत नाही; पुरानंतर पाणी उकळणे किंवा क्लोरीनचे थेंब टाकणे याला पर्याय नाही.

आता आपल्या दारात येऊ. सातारा-सांगलीत पाणथळ जागा कुठे आहेत? कासची तळी आहेत. येरळेच्या खोऱ्यात मायणी आणि येरळवाडीचे तलाव आहेत, जिथे हिवाळ्यात रोहित पक्षी पाहायला लोक जातात. कृष्णा-वारणेच्या काठाने मळीच्या जमिनी, जुने ओढे, पाणी साचणाऱ्या खाचरा आहेत. सांगलीत शामरावनगरसारखे सखल भाग आहेत, जिथे मोठा पाऊस झाला की पाणी दिवसेंदिवस हटत नाही. उसाला पाणी देऊन देऊन क्षारपड झालेली, कायम ओली राहणारी रानेही आहेत. पाणथळ जागांचा रामसार करार २ फेब्रुवारी १९७१ चा. भारत त्यात १९८२ मध्ये आला. महाराष्ट्रातल्या नांदूर मधमेश्वर, लोणार आणि ठाणे खाडी या जागा त्या यादीत आहेत. आपल्या दोन जिल्ह्यांतली एकही नाही.

यादीत नसण्यापेक्षा मोठी अडचण व्याख्येची आहे. रामसार करार नैसर्गिक आणि मानवनिर्मित अशा दोन्ही पाणथळ जागा मानतो. आपल्या देशाचे २०१७ चे पाणथळ जागांचे नियम मात्र नदीचे पात्र आणि सिंचनासाठी किंवा पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले तलाव वगळतात. साहजिकच दुष्काळी पट्ट्यातले आपले बहुतेक तलाव या नियमांच्या बाहेर पडतात. मायणीला पक्ष्यांमुळे संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला, हे चांगले झाले. पण ज्या तळ्यावर परदेशी पक्षी उतरत नाहीत, त्याचे काय? आणि ज्या ओढ्यात पक्षीच नाही, फक्त पुराचे पाणी पसरायला जागा आहे, त्याचे काय? तो भरून प्लॉट पाडायला कुणाची आडकाठी नसते. तिथे पसरणारे पाणी मग कुणाच्या तरी गोठ्यात जाते.

नदीकाठच्या बांधकामासाठी पूररेषा आखतात. निळी रेषा साधारण २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. ही गणिते उपलब्ध नोंदींवरून होतात. सांगलीने २००५, २०१९ आणि २०२१ असे १६ वर्षांत तीन महापूर पाहिले. बीपी एकदाच मोजून आम्ही कुणाला जन्मभराची गोळी लावत नाही. मग काही दशकांच्या नोंदीवर शंभर वर्षांची रेषा आखताना गाळातल्या जुन्या नोंदी आणि समुद्राचा बदललेला स्वभाव दोन्ही विचारात घ्यायला नकोत का? २०१९ च्या पुरानंतर नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखालील समितीनेही अतिवृष्टीबरोबर पूरक्षेत्रातल्या अतिक्रमणांकडे बोट दाखवले होते. अहवाल येतो, त्यावर दोन दिवस वाद होतो, आणि पुढच्या उन्हाळ्यात त्याच ओढ्यात मुरमाचे डंपर रिकामे होतात.

मागणी मोठी नाही. पहिली गोष्ट आमच्या घरातली. २००४ पासून देशात एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम आहे. कोणत्या संस्थेत किती तापाचे रुग्ण आले हे त्यात नोंदले जाते. पावसाळ्यात त्या नोंदीबरोबर एक रकाना हवा: गेल्या महिन्यात पुराच्या, शेतातल्या किंवा साचलेल्या पाण्यात उभे होता का, आणि कुठे? गावाच्या नावासकट ओढ्याचे किंवा वस्तीचे नाव लिहिले, तर दोन-तीन पावसाळ्यांत ताप नेमका कुठून येतो हे नकाशावर दिसू लागेल.

दुसरी, महाविद्यालयांसाठी. कराड, सातारा, सांगली, मिरज, इस्लामपूर, विटा येथे विज्ञान महाविद्यालये आहेत, सूक्ष्मदर्शक आहेत, मुले आहेत. प्रत्येकाने आपापल्या जवळचे एक तळे किंवा ओढा निवडावा आणि मे महिन्यात, पुराच्या वेळी आणि दिवाळीनंतर असे वर्षातून तीनदा त्याचे पाणी, गाळ, डास, गोगलगायी, उंदरांची बिळे नोंदवावीत. हे काम एका प्रकल्पवहीपुरते करून उपयोग नाही. दहा वर्षे चालले तरच त्याला अर्थ येतो. आघारकर संस्था पुण्यात, समुद्रविज्ञान संस्था गोव्यात. मार्गदर्शन मागायला कुठे लांब जायचे नाही.

तिसरी, प्रशासनासाठी. सिंचनाचे तलाव केंद्राच्या नियमांत बसत नसतील, तर निदान जिल्ह्याची स्वतःची यादी करावी: कोणते तळे, कोणता ओढा, कोणती मळी पुराचे पाणी सामावते. ती ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावावी. यादीत नाव असलेली जागा भरायला निघालेल्या माणसाला निदान चारचौघांसमोर उत्तर द्यावे लागेल.

आणि तुमच्यासाठी, मृग लागायच्या आत. पुराच्या किंवा गोठ्यातल्या साचल्या पाण्यात उतरावे लागले तर गमबूट घाला. जखम असेल तर झाकून घ्या. बाहेर आल्यावर साबणाने पाय धुवा. अनेक दिवस अशा पाण्यात काम करावे लागणार असेल, तर लेप्टो टाळण्याच्या गोळीविषयी आरोग्य केंद्रात विचारा. दुकानातून मनाने घेऊ नका. पुढच्या तीन-चार आठवड्यांत ताप आला, पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले किंवा लघवी कमी झाली, तर दोन दिवस वाट पाहू नका. डॉक्टरांपुढे बसल्यावर तापाच्या आधी पाण्याचे सांगा: कुठल्या पाण्यात होता आणि किती दिवस.

तो शेतकरी अजून अधूनमधून तपासणीला येतो. त्याच्या मूत्रपिंडांचे आकडे आता बरे आहेत. मागच्या वेळी त्याने सांगितले की गोठा त्याने वरच्या अंगाला हलवला आहे. पण त्याच्या रानाशेजारचा ओढा कुणीतरी निम्मा भरून घेतला आहे, त्यामुळे या वर्षी पाणी कुठून येईल याचा त्याला अंदाज नाही. त्याच्या केसपेपरवर मी आता ओढ्याचेही नाव लिहून ठेवले आहे.